खरवडलेला चेहरा आणि माझा कुंचला

सिंगापुरातल्या मराठी मंडळींत कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की मी सांगायची, जुनी चित्रं दुरुस्त करते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे फ्रेमिंग का? जुरोंग आयलंडवर काम करणारे एक इंजिनिअर तर दुसऱ्याच दिवशी चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटवर दत्ताची कॅलेंडरातली तसबीर घेऊन आले. खालच्या कोपऱ्याला कसर लागली होती. म्हणाले, ताई, जरा लॅमिनेट करून द्याल का? मी त्यांना चहा दिला आणि तसबीर परत दिली. नवरा म्हणाला, अगं, बिचारा श्रद्धेने आला होता. मी म्हटलं, म्हणून काय दत्ताला प्लास्टिकमध्ये गुदमरवू?

माझ्या धंद्याला मराठीत संवर्धन म्हणतात. पण तो शब्द काढला की लोकांना पशुसंवर्धन खातं आठवतं, म्हणून मी तो वापरत नाही. मुंबईच्या एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत हे काम शिकले, नवऱ्याची बोटीवरची नोकरी सिंगापूरला आली तशी त्याच्यामागून इथे आले आणि कोह मॅडमच्या स्टुडिओत बावीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे. या अंकाचे संपादक म्हणाले, कामातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, लिहिते. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती लिहायची नसेल तर बाकीचंही लिहायचा मला हक्क नाही असं वाटतं.

आधी धंदा समजावून सांगते. जुनं चित्र आलं की पहिल्यांदा त्याला हात लावायचा नाही, बघायचं. दिव्याखाली, भिंगाखाली, आडव्या उजेडात. कुठे रंग सुटतोय, कुठे बुरशी आहे, कुठे कोणी आधी शहाणपणा करून ठेवलाय. हे सगळं एका तक्त्यात लिहायचं: नुकसान काय, कुठे, कशामुळे. मग सफाई. सफाईला सगळ्यात चांगलं औषध म्हणजे माणसाची थुंकी. हसू नका, जगभरचे लोक कापसाचा बोळा जिभेवर ओला करून चित्रं पुसतात. मी मात्र देवाच्या चित्राला कधी थुंकी लावली नाही; त्यासाठी वेगळी बाटली करून ठेवली होती. कोह मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी बाटलीवर ‘फक्त देवांसाठी’ अशी चिठ्ठी लावून दिली आणि विषय संपवला.

आणि नियम दोनच. जे उद्या काढून टाकता येणार नाही ते आज लावायचं नाही. आणि जे तिथे होतं की नाही हे आपल्याला माहीत नाही ते रंगवायचं नाही. दोन्ही ऐकायला सोपे आहेत.

आमच्याकडे देव फार यायचे. सिंगापूरची हवा दमट, बुरशीला आणि कसरीला माहेरपण, त्यामुळे सगळ्या धर्मांचे देव आळीपाळीने आजारी पडायचे. एकदा एक चिनी आजोबा स्वयंपाकघरातल्या देवाची लाकडी पाटी घेऊन आले. हा देव वर्षभर चुलीजवळ बसून घरातलं सगळं बघतो आणि नववर्षाच्या तोंडावर स्वर्गात जाऊन त्याचा अहवाल देतो. पाटी धुराने काळी झाली होती आणि देवाच्या तोंडावर काहीतरी चिकट, जाड पुटं चढली होती. मी तीन दिवस खपून ती पुटं काढली. ओठ लख्ख केले. आजोबा न्यायला आले आणि बघतच राहिले. मला वाटलं खूश झाले. तर ते हळूच म्हणाले, "आता हा वर जाऊन काय सांगणार?" तो मध होता. देवाने वर जाऊन गोड बोलावं म्हणून त्यांच्या आजीपासून दर वर्षी एक बोट मध त्या ओठांना लागत होता, आणि तीन पिढ्यांचा मध मी पुसून कचऱ्यात टाकला होता.

त्या दिवशी मी शिकले, डाग पुसण्याआधी विचारायचं की तो लावला कोणी. नव्या आलेल्या मुलींना हा किस्सा मी किती वेळा रंगवून सांगितला असेल. सांगितला, एवढंच.

आता त्या पानाकडे येते. दोन हजार तेरा-चौदाचा सुमार असेल. डॉक्टर चिया म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते, मिशनच्या शाळेत शिकलेले, हौशी संग्राहक. एका छोट्या गॅलरीत ‘घरातले देव’ असं प्रदर्शन भरणार होतं, त्यात चुलीच्या देवापासून बाळकृष्णापर्यंत सगळे असणार होते. युरोपातल्या जुन्या हस्तलिखिताचं एक सुटं पान डॉक्टरांनी त्यासाठी देऊ केलं. ते कागदाचं नव्हे, वासराचं कातडं ताणून, घासून, वाळवून केलेलं. त्यावर एकाखाली एक तीन छोटी चित्रं, प्रत्येक जेमतेम आगपेटीएवढं. त्यांतल्या एका माणसाचा चेहरा तिन्ही ठिकाणी गेला होता, आणि डॉक्टरांची इच्छा होती की प्रदर्शनाआधी तो भरून मिळावा.

चित्रांतली गोष्ट कोह मॅडमनी मला समजावून सांगितली. एक ज्यू माणूस असतो. ख्रिस्ती लोकांचा एक संत घरादाराची राखण करतो असं त्याने ऐकलेलं असतं. तो त्या संताची मूर्ती पैदा करतो, घरात ठेवतो आणि तिला बजावतो: मी प्रवासाला चाललोय, घर सांभाळ, नाही सांभाळलंस तर फटके देईन. तो जातो, चोर येतात, सगळं धुऊन नेतात, मूर्ती तेवढी ठेवतात. हा परत येतो आणि बोलल्याप्रमाणे मूर्तीला चाबकाने फोडून काढतो. तिकडे चोर वाटण्या करत बसलेले असताना तो संत त्यांच्यापुढे उभा राहतो, अंगभर वळ, रक्त ठिबकतंय. म्हणतो, बघा, तुमच्यापायी मला काय सोसावं लागलं. चोर घाबरून सगळं परत आणून देतात. ज्यू माणूस थक्क होतो आणि बाप्तिस्मा घेतो. पहिल्या चित्रात राखणीला ठेवलेली मूर्ती, दुसऱ्यात चाबूक, तिसऱ्यात परत आलेलं सामान आणि बाप्तिस्मा.

गोष्ट ऐकून मी हसायलाच लागले. मॅडमना वाटलं मी टिंगल करतेय. मी सांगितलं, हे तर आमच्या घरातलं आहे! वडिलांच्या बोटीची खबर येईना तेव्हा माझ्या आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलून पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवला होता. खबर आल्याशिवाय बाहेर काढणार नाही म्हणाली. देव पाण्यात घालणं म्हणतात त्याला. आठव्या दिवशी खबर आली आणि तिने देवाला पुसून, कोमट पाण्याने न्हाऊ घालून, दुप्पट लोणी दिलं. देवाला धमकी कोण देतं? ज्याला तो खरोखर घरात बसलाय असं वाटतं तोच. मला तो ज्यू माणूस एकदम जवळचा वाटला.

मग नाद लागला. मॅडमनी आणून दिलेले अशा चमत्कारकथांचे गोषवारे मी घरी नेऊन वाचत बसायची. तसल्या गोष्टी शेकड्याने होत्या आणि त्यांतल्या कित्येकांत एक ज्यू हमखास. कुठे तो मरियमेचं चित्र चोरून घाणीत टाकतो आणि चित्रातून सुगंधी तेल झरतं. कुठे तो क्रूसावरच्या येशूला भाला टोचतो आणि लाकडातून रक्त येतं. मूर्ती नुसतं लाकूड नाही, जिवंत आहे, हे सिद्ध करायला गोष्टीला एक शत्रू लागतो, आणि ते काम कायमचं त्याच्याकडे. त्याने बिचाऱ्याने एकतर ख्रिस्ती व्हायचं, नाहीतर मरायचं. आणि गोष्ट ऐकून पेटलेले लोक खऱ्या शेजाऱ्यांच्या दारावर चालून जायचे, हेही त्या कागदांत होतं. मला गोष्टी वाईट वाटल्या आणि चित्रकार ग्रेट वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला इलाज नाही. संताच्या पाठीवरचा एकेक वळ त्याने दोन केसांच्या कुंचल्याने काढला होता, आणि चोरांच्या बोटांची भीती सुद्धा दिसत होती. नखाएवढ्या जागेत!

तर तो गेलेला चेहरा. मी भिंगाखाली पाहिलं. वरचा रंग गेलेला, कातडं खरखरीत झालेलं, कडा चरल्यासारख्या. मी तक्त्यात लिहिलं: नुकसान, चेहऱ्यावरील रंग, कारण, कसर. सिंगापुरात वीस वर्षं कसरीने खाल्लेलं बघितल्यावर दुसरं सुचणार तरी काय? कोह मॅडम त्या आठवड्यात आईच्या आजारपणासाठी रजेवर होत्या. उद्घाटन जवळ आलं होतं. भरायला घेऊ का, असं मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण मला ते काम करायचंच होतं.

चेहरा कसा होता ते माहीत नव्हतं. मग मी स्टुडिओतलं एक जाडजूड संदर्भपुस्तक काढलं. त्या काळातल्या चित्रांतले ज्यू चेहरे पानंच्या पानं दिले होते. पोपटाच्या चोचीसारखं नाक, जाड ओठ, बाहेर आलेले डोळे, चेहऱ्यावर कपटी भाव. मी म्हटलं, ठीक आहे, कालसुसंगत. मधल्या चित्रापासून सुरुवात केली, चाबूक उगारलेल्या चित्रापासून. दोन दिवस श्वास रोखून बसले. नाक तर असं बसलं की मी स्वतःच खुर्ची मागे घेऊन दोनदा बघितलं. घरी लेकीला फोटो दाखवला. तिने मोबाइलवरून नजर न उचलता, "नाइस लाह, आई," म्हटलं. मी तेवढ्यावरही खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिबेकाबाई आल्या. त्या माणसाच्या झग्याच्या काठावर हिब्रूसारखी अक्षरं होती; ती वाचायला कोणी मिळेल का, असं मॅडमनी रजेवर जाण्याआधी इथल्या ज्यू मंडळींना विचारून ठेवलं होतं. मी कोणी गोऱ्या, उंच बाई येतील असं धरून चालले होते. दारात आल्या त्या पंचाहत्तरीच्या, बुटक्या, सावळ्या, कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्‌स शूज. माझ्या गळ्यातला नावाचा बिल्ला त्यांनी चष्मा वर करून वाचला, आडनावावर थांबल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, पेणच्या का तुम्ही? मी आवासची.

अलिबागजवळच्या आवासच्या बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातल्याच ज्यू. त्यांच्या पूर्वजांना आमच्याकडे शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. बाईंचे वडील तिकडच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवत. त्यांनी मुलीला मांडीवर बसवून हिब्रू शिकवलेलं. बाई ठाण्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा रॅफल्स प्लेसला बँकेत, म्हणून इथे. पंधरा मिनिटं आम्ही पान बाजूला ठेवून गप्पाच मारल्या. देव पाण्यात घालण्याची हकीकत सांगितली तर त्या म्हणाल्या की आवासला त्यांची शेजारीण तेच करायची. आणि त्यांच्या आईचा नवस एलिया पैगंबराला असायचा, नवस फेडायला मलिदा, म्हणजे पोहे, गूळ, खोबरं. मूर्ती चालत नाही, पण एलिया रथातून आकाशात निघालाय असा एक छापील फोटो भिंतीवर होताच. आई त्याच्याकडे बघून कधीकधी भांडायची म्हणे.

मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. झग्याच्या काठावरून हळूहळू बोट न टेकवता नेलं. म्हणाल्या, ही अक्षरं नाहीतच. ज्याला येत नव्हती त्याने दिसतील तशी काढलीत. आणि भिंग वर सरकवून चेहऱ्यापाशी थांबल्या. हा जुना की नवा, म्हणून विचारलं.

आता काय सांगू! मी अभिमानाने म्हटलं, नवा आहे, कालच संपवला, पण ओळखू येत नाही ना?

"चांगला काढलाय," त्या म्हणाल्या. "असाच काढतात आम्हाला. पण तुम्ही का काढलात?"

आवाजात राग नव्हता. वर्गात गणित चुकलेल्या मुलीला विचारावं तसं विचारलं. पेणला शाळेत माझ्या बाकावर डायना बसायची, बेने इस्रायल; सात वर्षं एका डब्यात जेवलो. तिचं नाक माझ्या नाकापेक्षा चपटं होतं. समोर रिबेकाबाई, त्यांचं नाक माझ्या मावशीसारखं. आयुष्यात जेवढे ज्यू मी खरोखर पाहिले होते त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवला नाही, आणि पुस्तकातला मात्र हुबेहूब उतरला. मी काहीतरी पुटपुटले, त्या काळची पद्धत, अभ्यास वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं की बाकीच्या दोन चित्रांतले चेहरे कशाने गेले. मी म्हटलं, कसर. त्या परत भिंगात वाकल्या. एकाच पानावर बारा माणसं आहेत, म्हणाल्या, आणि कसरीने तिन्ही वेळा नेमका हाच कसा खाल्ला? संताला दात लावला नाही, चोरांना लावला नाही.

मी त्यांना जवळजवळ ढकलूनच भिंगाशी बसले. आडवा दिवा लावला. चरे होते. बारीक, एकाच दिशेने, वरून खाली. नखाचे, एका ठिकाणी सुरीच्या टोकाचे. कसरीचं चरणं असं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कळेल. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा अनेकांनी, गोष्ट वाचता वाचता त्या माणसाचे डोळे आणि तोंड खरवडून काढलं होतं. तिसऱ्या चित्रात तो बाप्तिस्मा घेतोय. तिथे तर सर्वांत खोल चरे. रिबेकाबाई त्याच चित्राकडे बघत होत्या. "हा तर त्यांच्यातला झाला होता ना?" त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. प्रदर्शनाला शाळांची मुलं येणार, त्यांनी ऐकलं होतं. या शहरात ज्यू थोडे. पुष्कळशा मुलांनी एकही पाहिलेला नसेल. अख्ख्या प्रदर्शनात आमचा माणूस हा एकच, तेव्हा मुलांना आमचा चेहरा म्हणून काय दाखवायचं ते बघा. पान काढून टाका असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर तेच धरून बसले असते, तक्रार केली असती, पेपरला पत्र लिहिलं असतं. त्यांनी पर्स उचलली, लिफ्टपाशी मला परत वळवलं आणि उन्हात खाली येऊ नका म्हणाल्या.

त्याच दुपारी कोह मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आईच्या आजारपणात बाई वैतागतील. त्या संध्याकाळच्या आत स्टुडिओत आल्या. पान बघितलं, पुस्तक बघितलं, मला बघितलं. म्हणाल्या, आधी खरा चेहरा शोधू. हीच त्यांची मोठी गोष्ट. दुसऱ्या कोणी आधी दोषी शोधला असता.

खोली काळोखी करून आम्ही अतिनील दिवा लावला. जुनी लोखंडी शाई या दिव्याखाली काळीभोर दिसते. वरचा रंग गेला तरी कातड्यात मुरलेली रेघ राहिलेली असते. ज्या दोन चित्रांना मी हात लावला नव्हता त्यांत चऱ्यांच्या खालून हळूहळू चेहरा दिसायला लागला. साधं, सरळ नाक. मॅडमनी संताच्या चेहऱ्याकडे बोट केलं, मग एका चोराच्या. तेच नाक. चित्रकाराला एकच नाक येत होतं आणि त्याने ते सगळ्यांना सारखं वाटलं होतं. ज्यू कोण हे कळावं म्हणून फक्त टोपी वेगळी आणि झग्याच्या काठाला ती गिचमिड अक्षरं. गोष्ट त्याने लिहिली नव्हती, त्याला दिलेली होती. पण चेहरा त्याच्या हातात होता आणि त्याने माणसाचा काढला. नंतरच्यांनी नखं लावली. आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी, सिंगापुरात, एअरकंडिशन्ड खोलीत बसून, पदवीधर बाईने त्याला चोच लावली. मी तिथेच रडले. मॅडमनी दिवा लगेच लावला नाही, हे मी विसरणार नाही.

आता माझा रंग काढायचा होता. त्याखाली मधल्या चित्रातला खरा चेहरा होता, आणि तो पुसला जाण्याची भीती होती. कातड्याच्या पानाला पाणी म्हणजे वैरी. जरा जास्त झालं की फुगतं, आणि रंगासकट जुनी शाईही उचलली जाते. रंग भरण्याआधी आम्ही मध्ये एक पातळ थर देतो, उद्या वरचं काढताना खालच्याला धक्का लागू नये म्हणून. मी तो दिला होता. पण सगळीकडे सारखा बसला होता का? घाई होती, उत्साह होता. मॅडम म्हणाल्या, मी करते. मी म्हटलं, नाही, मीच.

चार दिवस लागले. केसाएवढा बोळा, एक थेंब, टिपकागद, थांबायचं. पुन्हा बोळा, पुन्हा थेंब. डोळे निघाले. ओठ निघाले. गाल निघाले आणि प्रत्येक वेळी दिव्याखाली खालची रेघ जागच्या जागी होती. नाक शेवटी घेतलं. तेही निघालं, पण शेंडा निघेना. तिथे कातडं सगळ्यांत जास्त खरवडलेलं, तंतू उघडे पडलेले. माझा थर तिथेच अपुरा पडला होता आणि तपकिरी रंग आत उतरला होता. तिळाएवढी वाकडी खूण. आणखी ओढलं असतं तर शेजारची जुनी रेघ गेली असती. मॅडम म्हणाल्या, बस. आता ही राहणार.

डॉक्टर चियांना त्यांनी स्वतः बोलावून सगळं दाखवलं. डॉक्टर नाराज झाले. त्यांना पूर्ण चित्र हवं होतं. मग त्यांनी दिव्याखाली तिन्ही चेहरे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले की मांडायचं तर खरवडलेलंच मांडा आणि शेजारी दिव्याखालचा फोटो लावा. चांगला माणूस.

तक्ता नव्याने लिहिला. नुकसान, तीन चेहरे. कारण, जुन्या वाचकांची नखं. त्याखाली: नुकसान, नाकाच्या शेंड्यावर तपकिरी डाग, कारण. इथे आम्ही ‘आधीची दुरुस्ती’ असं लिहितो, नाव कधी नसतं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. मॅडम म्हणाल्या, असं कोणी करत नाही, हा कागद पानाबरोबर कायमचा जाणार. मी म्हटलं, पान जाईल तिथे तो डागही जाणारच आहे. त्यांनी सही केली.

प्रदर्शन सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात रिबेकाबाई त्यांच्या सिनेगॉगमधल्या सात-आठ बायकांना घेऊन आल्या. मला फोन करून म्हणाल्या, तुम्हीच समजावून सांगा, मी नाही सांगणार. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. सगळ्या काचेभोवती जमल्या. मी गोष्ट सांगितली, नखांचं सांगितलं, दिव्याखालचा फोटो दाखवला, साधं नाक दाखवलं. एक अगदी म्हाताऱ्या बाई चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी काचेला नाक टेकवून पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, मधल्याच्या नाकावर तो तपकिरी ठिपका कसला? तोही जुनाच का?

तिथे कोणालाच माहीत नव्हतं, फक्त मला आणि रिबेकाबाईंना; त्यांना मी फोनवर सांगितलं होतं. त्या सहज म्हणू शकल्या असत्या, हो, जुना आहे. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, नाही, तो माझा आहे. मी या माणसाला वाकडं नाक काढलं होतं, तेवढं निघालं नाही.

खुर्चीतल्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का काढलंत?"

हाच प्रश्न रिबेकाबाईंनी मला स्टुडिओत विचारला होता आणि तेव्हा मी काळ, पद्धत, अभ्यास असं काहीबाही बोलले होते. या वेळी खरं तेच सांगितलं.

"पुस्तकात तसं होतं म्हणून."

बाईंनी मान हलवली, हे त्यांना माहीतच असल्यासारखी. रिबेकाबाईंनी त्यांची खुर्ची हळूच तिसऱ्या चित्राकडे वळवली आणि मला म्हणाल्या, थांबलात का, पुढचं सांगा.